कमरुद्दीनमियांची बारावी बॅग

कमरुद्दीनमियांच्या बॅगांबद्दल जे विमलाबाई आचरेकरांना ठाऊक नाही ते ठाऊक असण्याच्या लायकीचंच नाही, असं मालवणात एक मत होतं. मत खुद्द विमलाबाईंचंच होतं. पण चाळीस वर्षं त्यांनी ते इतक्या ठामपणे मांडलं, की गावालाही ते आपलंच वाटू लागलं होतं.

आता कमरुद्दीनमिया कोण, हे मालवणाबाहेर कुणाला सांगता येणार नाही. धक्क्याजवळ त्यांचं चार फळ्यांचं दुकान होतं. चपला, पट्टे, घोड्याच्या टांग्याचं सामान असं सगळं ते करत. आणि त्यांनी केल्या बायकांच्या बारा हँडबॅगा. बाराच, कारण फुटलेल्या गलबताच्या कंदिलांचं पितळ त्यांच्या हाती लागलं होतं, ते बारा कड्यांना पुरलं. चामडं भाजलेल्या काजूच्या रंगाचं, टाके तांदळाच्या दाण्याएवढे, तळ रुंद आणि सपाट. साठ वर्षांत एकाही बॅगेचा टाका उसवला नव्हता. दोन्ही बाजूंना पितळी कडांची सात-सात बारीक भोकं होती.

या सात भोकांवर विमलाबाईंचा खास अभ्यास होता. ते सप्तर्षी आहेत, असं त्यांनी शोधून काढलं होतं. दर्यावर्दी घराण्यातल्या कारागिराने आपल्या पूर्वजांना वाट दाखवणारे तारे चामड्यावर उतरवले! वाचनालयात यावर त्यांनी तीनदा व्याख्यान दिलं होतं. तिसऱ्या वेळी त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

पहिली बॅग त्यांना वडिलांनी कुणाकडून तरी जुनी घेऊन दिली, खाडीपलीकडच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा. बाविसाव्या वर्षी ती बॅग खांद्याला लावून त्या लाँचीवर चढल्या आणि लाँच चालवणारा तांडेल उठून उभा राहिला. त्याने बॅगेकडे पाहिलं, मग विमलाबाईंकडे, आणि हात करून त्यांना मागच्या मोकळ्या फळीवर बसवलं. पुढे सगळी माणसं एकमेकांच्या मांडीवर, आणि मागे विमलाबाई एकट्या, महाराणीसारख्या. पाच वर्षं हा मान चुकला नाही. "चांगली वस्तू हातात असली की अडाणी माणूससुद्धा अदबीने वागतो," असं त्या दर लग्नाकार्यात सांगत. त्यांच्या सुनेला, दिव्याला, ही गोष्ट तोंडपाठ होती.

बाकीच्या दहा त्यांनी शोधून शोधून मिळवल्या. एक विजयदुर्गला नवरीच्या ट्रंकेत सापडली. एक देवबागला होमस्टेच्या खोल्यांच्या चाव्या सांभाळत होती. पावसाळ्यात बुरशी येऊ नये म्हणून विमलाबाई अकराही बॅगा खोबरेल लावून पंख्याखाली मांडत. "आमच्या घरात माणसां उकडान मरतत," दिव्या शेजाऱ्यांना सांगे, "पंखो बॅगांक."

बारावीचा मात्र पत्ता नव्हता. आणि बारावीशिवाय बानूला तोंड दाखवायची सोय नव्हती.

बानू म्हणजे कमरुद्दीनमियांची धाकटी लेक, वय त्र्याहत्तर. बाराही बॅगांना तिनेच मेण चोळलं, तेव्हा ती लहान पोर होती. "एक झाली काय एक इकून जाय," ती म्हणे. "बाराय एका जाग्यार मी कधी बघूकच नाय. अब्बांनीय नाय." विमलाबाईंनी तिला शब्द दिला होता, आणि आता तिचा मुलगा हारिस तिला कायमची पुण्याला नेत होता. रविवारी सकाळी गाडी निघणार होती.

शुक्रवारी आरोंद्याहून फोन आला. तिथल्या सुगंधाकडे अशीच बॅग आहे, पितळी कडीची, सात भोकांची.

शनिवारी सकाळी दिव्याने गाडी काढली. सुगंधाने त्यांना थेट मागच्या पडवीत नेलं. कोपऱ्यात पेंढ्यावर बारावी बॅग होती. तोच काजूचा रंग, तीच कडी. विमलाबाई हात जोडून पुढे झाल्या आणि बॅगेने त्यांच्याकडे मान वळवून पाहिलं.

आत तांबडी कोंबडी बसली होती.

"खुडूक आसा," सुगंधा दबक्या आवाजात म्हणाली. "खाली अकरा अंडी. आज तेरावो दिस."

"तिला जरा टोपलीत..."

"बाईनू." सुगंधाने अशा नजरेने पाहिलं, की विमलाबाईंचं वाक्य तिथेच थांबलं. "उबीर बसलली कोंबडी कोण हलयता? तुमी मालवणच्या मा?"

विमलाबाई ओशाळल्या. बसलेल्या कोंबडीला हात लावायचा नाही, तिची जागा बदलायची नाही, हे त्यांनाही आजीने शिकवलं होतं. जागा बदलल्यावर ती उठून गेली, तर अकरा जीव गार पडले असते.

"तुम्हीच दिली तिला ही जागा?"

"मी खंय! मी डालो दिलंय, टोपली दिलंय, पेंढो दिलंय. तिनां काय एक पसंत केल्यान नाय. ही पिशवी खुटयेर होती. उडान जावन आत बसली."

विमलाबाईंनी बानूची सगळी हकिकत सांगितली. सुगंधा बराच वेळ पदराचं टोक चघळत राहिली. "म्हातारी उद्या जाता?"

"सकाळीच."

"मगे पिशवीच हलयूया. कोंबडी नको. पिशवेसकट जातली, पिशवेसकट येतली. आणि मी तुमच्या वांगडा येतलंय."

संध्याकाळी ऊन उतरल्यावर सुगंधाने कडी अशी अलगद लावली, की कोंबडीला पत्ताही लागला नाही. बॅग तिच्या मांडीवर, विमलाबाई शेजारी, दिव्या स्टिअरिंगवर. ताशी वीसच्या वर जायचं नाही, अशी ताकीद होती. मागून एक सायकलवाला आला आणि पुढे निघून गेला.

नाक्यावर पोलिसाने हात केला. गोव्याकडून येणाऱ्या गाड्यांत बाटल्या सापडतात, म्हणून तपासणी चालू होती. त्याने गाडीत डोकावून पाहिलं. मांडीवरची बॅग दोन हातांनी धरून बसलेली बाई बघून त्याचे डोळे बारीक झाले.

"बॅगेत काय आहे?"

"बॅगेत काय ते सोडा, बॅग बघा," विमलाबाई म्हणाल्या. "दुर्मिळ वारसा आहे हा."

वारसा आतून घोगरं कुरकुरला.

"उघडा."

सुगंधाने कडी काढून झाकण चार बोटं उचललं. पोलिसाने वाकून पाहिलं. कोंबडीने पोलिसाकडे पाहिलं. पोलिसाने नकळत टोपी काढली.

"कितवो दिस?" त्याचा आवाज एकदम खाली आला होता, आणि सरकारी मराठीही गेली होती.

"तेरावो."

"किती?"

"अकरा."

"झाका, झाका. वारो लागतलो." मागच्या ट्रकने हॉर्न दिला, तेव्हा हा माणूस तीरासारखा तिकडे गेला. "हॉर्न कित्याक मारतंस रे? हयसर कोंबडी बसली आसा!" ट्रकवाल्याने इंजिनच बंद केलं. परत येऊन पोलीस दिव्याला म्हणाला, "फुडे दोन गतिरोधक आसत. दुसरो वायट. तिरकी घेवा." गाडी निघाली तरी तो टोपी हातात धरून उभा होता.

बानूच्या घरी अकरा बॅगा विमलाबाईंनी आदल्या दिवशीच नेऊन ठेवल्या होत्या. चटईवर त्या ओळीत मांडल्या, आणि शेवटी सुगंधाने बारावी ठेवली. बानू भिंतीला धरून आली आणि खाली बसली. एकेका बॅगेवरून तिने हात फिरवला. टाके बोटाने चाचपले, कड्या लावल्या, काढल्या. म्हातारीचे ओठ हलत होते, ती मोजत होती. बारा झाल्यावर तिने डोळे मिटले. हारिस दारातच थांबला होता, तो चष्मा पुसायला लागला.

अशा वेळी विमलाबाईंना गप्प राहणं जमलं असतं तर बरं झालं असतं.

"आणि हे सप्तर्षी," त्या गहिवरून म्हणाल्या. "तुझ्या अब्बांनी हे तारे..."

"खंयचे तारे?"

विमलाबाईंनी भोकांवर बोट ठेवलं. त्याच क्षणी आतून कोंबडी बोलली. बानूने झाकण उचललं, आत पाहिलं, आणि तिचा चेहरा असा फुलला की बारा बॅगांनीही फुलला नव्हता.

"इतक्या वर्सांनी," ती म्हणाली. "इतक्या वर्सांनी एकीच्या पिशवेत कोंबडी बघलंय."

मग तिने सांगितलं. तिची थोरली बहीण खाडीपलीकडे बाळंत झाली. आई तिच्यासाठी कोंबडी घेऊन निघाली, तर तांडेलाने चढू दिलं नाही. आदल्या आठवड्यात कुणाच्या तरी कोंबडीने त्याच्या भाताच्या डब्यात पाय घातले होते. आई रडत परत आली. अब्बांनी दोन दिवसांत पिशवी शिवली. तळ सपाट, बसायला. कडी घट्ट, उडू नये म्हणून. बाहेरून अशी देखणी, की आत कोंबडी असेल असं कुणाच्या मनातही येऊ नये. मग घरोघरच्या बाया मागायला लागल्या.

"आणि भोकां?" सुगंधाने विचारलं.

"वाऱ्याक. नायतर ती जिती कशी पोचतली?"

"पण सातच का?" विमलाबाईंचा आवाज खोल गेला होता.

"सातव्याक अब्बांचो हात दुखूक लागायचो."

विमलाबाईंनी बारा बॅगांकडे पाहिलं. चाळीस वर्षं त्यांनी या बॅगांत पावडरच्या डब्या आणि रुमाल ठेवले होते. आणि आरोंद्याच्या एका तांबड्या कोंबडीने, व्याख्यान न ऐकता, बॅग कशासाठी आहे ते एका उडीत ओळखलं होतं. त्यांना राग यायला हवा होता, पण आला नाही. लेकीच्या बाळंतपणासाठी दोन दिवसांत असं काही शिवणारा तो माणूस त्यांना ताऱ्यांपेक्षाही मोठा वाटला.

"आणि तांडेलाला कधी कळलंच नाही?" त्यांनी विचारलं.

"कळलां तर! मगे ही पिशवी दिसली काय तो त्या बाईक मागल्या फळयेर बसवी. एकटी. आपल्या डब्यापासून लांब."

दिव्या एकदम खिडकीपाशी गेली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. तिचे खांदे मात्र हलत होते.

बानू पुण्याला गेली. आठ दिवसांनी सुगंधाचा फोन आला: अकरातली दहा पिल्लं निघाली, आता पिशवी घेऊन जा. विमलाबाई एसटीने निघाल्या, वडिलांनी दिलेली ती पहिली बॅग खांद्याला लावून. चढल्या आणि सरळ शेवटच्या सीटवर जाऊन बसल्या. बॅग खिडकीशी ठेवली, भोकं वाऱ्याकडे करून.

"आजी, पुढे जागा आहे की," कंडक्टर म्हणाला.

"असू दे," विमलाबाई म्हणाल्या. "मला इथली सवय आहे."