शेवंतीच्या जागेचं दुखणं

कोंडिबा ढेबेने शेवंती घोडी विकली त्याला वर्ष होत आलं होतं, तेव्हा तिच्या मोकळ्या जागेला पोटशूळ उठला.

जागा तबेल्यातच होती, खुंट्याला बांधलेली. कारवीपठारावर रीतच आहे, जनावर द्यावं, दावं देऊ नये. दावं दिलं की घराची बरकत जनावरामागे चालती होते, असं जुनी माणसं सांगतात. म्हणून कोंडिबाने घोडी दिली आणि दावं तोंडावरच्या म्होरकीसकट ठेवून घेतलं. आता दावं मागे राहिलं म्हटल्यावर त्याला बांधलेलं जे काही, तेही मागे राहणारच. घोडी उतारावरून दिसेनाशी झाली आणि म्होरकी तबेल्यात, घोडीच्या तोंडाच्या उंचीवर, हवेत तशीच राहिली. कोंबड्या तिथून वळसा घालून जाऊ लागल्या.

कोंडिबाला त्याचं नवल वाटलं नाही. उलट बरं वाटलं. पठारावर मोटारींना बंदी. पाहुण्यांना घोड्यावर बसवून कडे दाखवायचे हा इथला धंदा, आणि घोड्याबरोबर पळायचं तर गुडघे धड हवेत. कोंडिबाचे गुडघे गेले. तरणी घोडी नुसती बांधून ठेवणं पाप, म्हणून त्याने ती देशावर शेंदूरवाडीच्या जालिंदर फडतऱ्यांना दिली. त्यांचे घोडे लग्नाच्या वरातीला जात. दिली खरी, पण त्या दिवसापासून त्याच्या घशाखाली घास नीट उतरत नव्हता. निदान जागा तरी मागे राहिली होती.

तिचं तो घोडीसारखंच करी. आधी पाणी, मग वैरण, आणि दाणा सगळ्यात शेवटी, तोही मुठीने. वैरण बदलायची तर एकदम नाही, जुनीत थोडी थोडी मिसळून. खाली राख पसरी, कारण ओलीत खूर कुजतात, आणि जागेला खूर नाहीत एवढ्यावरून ओल काही कोरडी होत नाही. पावसाळ्यात गोमाश्या सर्र्याचा ताप आणतात म्हणून कडुलिंबाचा धूर करी. त्याची बायको ठकूबाई म्हणे, "आवं, एवढं माझ्या बाळंतपणात न्हाई केलं कुणी."

"तुला बोलता येतं," कोंडिबा म्हणे. "तिला न्हाई येत."

इतकं करूनही एका सकाळी म्होरकी जमिनीला टेकलेली दिसली. मग ती वर उठली, मागे कुशीकडे वळली, पुन्हा खाली गेली, पुन्हा मागे वळली. घोडं कुशीकडे बघायला लागलं की पोटशूळ, हे पठारावर शेंबड्या पोरालाही कळतं.

तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातून डॉक्टर मृदुला नेर्लेकर आल्या. म्होरकीच्या मागे, जिथे कूस असायला हवी तिथे, त्यांनी नळी लावून बराच वेळ ऐकलं.

"आतडं हलत नाही," त्या म्हणाल्या. "लीद कधी टाकली होती?"

"टाकलीच न्हाई, बाई. वर्सात एकदाबी न्हाई."

"आणि मला आत्ता सांगताय? हे वरातीमागून घोडं झालं, मामा. जंताचं औषध दिलं होतं?"

"वेळच्या वेळी."

"धनुर्वाताची सुई?"

"ती तुमीच दिली की. म्होरकीपास्नं हातभर मागं."

"हो, दिली होती," डॉक्टरबाई म्हणाल्या. "चालवा तिला. लोळू देऊ नका, आतड्याला पीळ बसेल."

कोंडिबा दुखऱ्या गुडघ्यांनी म्होरकी धरून अंगणात फेऱ्या मारू लागला. डॉक्टरबाई विचारात पडल्या होत्या. "घोडी कशी आहे तिकडे?" त्यांनी विचारलं.

कोंडिबाने कधी चौकशीच केली नव्हती. शेवंती तिथे रमली असेल तर ऐकवणार नाही आणि रमली नसेल तर त्याहून ऐकवणार नाही, अशी त्याला धास्ती होती. शेवटी बाईंनीच फडतऱ्यांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"खाती रग्गड," फडतरे सांगत होते, "पन अंगी म्हनून लागत न्हाई. बरगड्या मोजून घ्याव्यात. रक्त तपासलं, सर्रा न्हाई, नाकाचा शेंबा न्हाई. दातबी घासून घेतलं. आता वरातीला न्यायचीबी लाज वाटती."

डॉक्टरबाईंनी फोन ठेवला. "साहजिक आहे. पोट तिकडे आहे आणि भूक इकडे. दोघीही हा उन्हाळा काढायच्या नाहीत."

"मग औषिद?"

"औषध नाही. जागा घोडीला नेऊन द्यायची. दाव्यासकट."

कोंडिबा चालता चालता थांबला. "मग हितं काय राह्यील?"

"तबेला राहील."

"मोकळी जागाबी न्हाई?"

"तीही नाही, मामा."

त्याला बाईंचा राग आला. घोडी गेली ते सोसलं, आता तिचं नसणंही द्यायचं म्हणजे माणसाने सकाळी उठून बघायचं तरी कुणाकडे? ठकूबाईने रीतीची आठवण करून दिली, दावं गेलं तर बरकत जाईल म्हणाली. कोंडिबा म्होरकीकडे बघत राहिला. ती पुन्हा कुशीकडे वळली होती. "जाऊ दे बरकत," तो म्हणाला. "तिच्या जिवापरीस का मोठी हाय?"

जनावर पठाराखाली न्यायला लागतो तो निरोगीपणाचा दाखला डॉक्टरबाईंनी दिला. पोटशूळ होता, पण तो लागट नसतो. नाक्यावरच्या शिपायाने दाखला वाचला, म्होरकीकडे बघितलं आणि विचारलं, "रंग लिहिला न्हाई?"

"रंग तिकडं हाय," कोंडिबा म्हणाला. शिपायाने जाऊ दिलं.

टेम्पोत चढवलं तर आजारी जनावर बिथरतं, म्हणून तो पायीच गेला. दर ओढ्यावर पाणी दाखवलं, दुपारी सावलीला थांबला. घोडीशी वर्षानुवर्षं जे बोलला नव्हता ते वाटेत तो जागेशी बोलला. तुला विकल्यावर मी तबेल्यात बसून रडलो, हेही सांगितलं. म्होरकी त्याच्या खांद्याला लागून चालत होती.

शेवंतीने त्याला लांबूनच ओळखलं. मान वर केली, पण हिसडा द्यायची ताकद नव्हती. कोंडिबाने म्होरकी तिच्या तोंडाशी नेली. तोंड आणि म्होरकी यांत अंतर राहिलं नाही, एवढंच झालं. मग तिने वैरणीत तोंड घातलं आणि संध्याकाळपर्यंत वर काढलं नाही. लीद टाकली ती वर्षभराची. फडतऱ्यांना दोन पाट्या आणाव्या लागल्या.

तिला घाम फुटला होता. घामावर वारं लागलं की घोडं आखडतं, म्हणून कोंडिबाने आपलं घोंगडं तिच्या पाठीवर टाकलं. घाम सुकल्यावर ते तिच्याशेजारी अंथरून त्यावरच निजला आणि सकाळच्या एसटीने परत आला.

तबेला नुसता तबेला होता. कोंबड्या सरळ मधून जात होत्या. कोंडिबाने तिथे उभं राहून वाट बघितली, काही दुखेना. तेच फार वाईट होतं.

पुढे पुढे त्याचा सदरा ढिला व्हायला लागला. भाकरी पूर्वीएवढीच खायचा, पण अंगी लागेना. ठकूबाईने डॉक्टरबाईंनाच बोलावलं. त्यांनी त्याच्या बरगड्यांना नळी लावली आणि विचारलं, "मामा, तिकडे काही विसरलात का?"

त्याच दिवशी फडतऱ्यांचा फोन आला.

"ढेबेमामा, तुमचं घोंगडं हितंच राह्यलंय. आधी वाटलं नुसतंच पडलंय. पन त्यात कुनीतरी बसल्यागत दिसतंय. कोंबड्या वळसा घालून जात्यात. धाडून देऊ का?"

ठकूबाई हाताने खुणा करत होती, आणा म्हणा, आणा म्हणा.

"घोडी कशी हाय?" कोंडिबाने विचारलं.

"झ्याक. त्या घोंगड्याला नाक लावून उभी असती."

"मग ऱ्हाऊ द्या," कोंडिबा म्हणाला. "सकाळी आधी च्या दाखवत जा, मग भाकर. सादळू देऊ नका, गुडघं धरत्यात. आन् तिच्या डाव्या अंगालाच असू द्या, फडतरेअण्णा. उजव्या कानानं तिला कमी ऐकू येतं, हाक मारली तर कळायची न्हाई."