नारोबा मुंगूस झाड वाजवून बघतो

एका जंगलात, मुलांनो, घर बांधायला आधी परवानगी लागत असे. घरटं असो, बीळ असो, की नुसती जुनी ढोली झाडून घ्यायची असो, ओढ्याकाठच्या कचेरीत अर्ज करावा लागे. कचेरीचे साहेब होते एक रानगवा. मोठे न्यायी. त्यांच्यापुढे हत्तीचा अर्ज आणि मुंगीचा अर्ज अगदी सारखाच पडून राहायचा.

एका टिटवीने अंडी घालण्यासाठी चार खडे मांडायची परवानगी मागितली होती. ती मिळाली तेव्हा तिच्या मुली आपापले अर्ज घेऊन रांगेत उभ्या होत्या.

अशा जंगलात नारोबा मुंगसाचं बरं चाललं होतं, यात नवल नाही. नारोबा दुसऱ्यांचे अर्ज पुढे सरकवून द्यायचा. कोणत्या टेबलावरचं कासव जेवणानंतर डुलकी घेतं, कोणता ससा शिक्का घरी विसरतो, साहेबांना कोवळं गवत केव्हा रुचतं, सगळं त्याला पाठ होतं. सकाळी तो या टेबलाखालून त्या टेबलाखाली शिरायचा आणि संध्याकाळी परवानगी तोंडात धरून बाहेर यायचा. वाईट प्राणी नव्हता हो. टिटवीच्या मुलींचं काम त्याने फुकट करून दिलं.

फक्त एक होतं. ज्या घरांचे कागद तो आणायचा, त्यांतलं एकही घर त्याने कधी जाऊन पाहिलं नव्हतं.

मग शेजारच्या दरीत माकडांचं एक मचाण कोसळलं आणि बरीच हाडं मोडली. गवासाहेबांना घाम फुटला. त्यांनी हुकूम काढला की, यापुढे जो कोणी परवानगी न्यायला येईल त्याने बांधकाम सुरक्षेचं प्रशिक्षण घेतलेलं असलं पाहिजे. गळ्यात तसा बिल्ला नसेल तर कचेरीची पायरी चढायची नाही.

प्रशिक्षण द्यायचं काम ताराक्काकडे आलं. ताराक्का म्हणजे सुतार पक्षीण. वयस्कर, कडक, एका पंखाने जरा अधू. तरुणपणी एक फांदी अंगावर पडली होती, तेव्हापासूनचा तो पंख.

नारोबा तिच्याकडे उत्तम अळ्यांचा द्रोण घेऊन गेला. वर्गात न बसता बिल्ला मिळाला तर दोघांचाही वेळ वाचेल, असं त्याने फार गोड शब्दांत सुचवलं. ताराक्काने अळ्या खाल्ल्या. चोच पुसली. मग त्याला पहिल्या रांगेत बसवलं.

वर्गात नारोबाचे हाल झाले. डोक्यावर नारळाची करवंटी बांधायची, कमरेला वेल बांधल्याशिवाय उंच चढायचं नाही, वर काम चालू असेल तर खाली उभं राहायचं नाही, आणि झाडावर काही बांधण्याआधी खोड वाजवून बघायचं. भरीव वाजलं तर चढायचं. पोकळ वाजलं तर लांब जायचं. नारोबा पहिले काही दिवस डोळे उघडे ठेवून झोपला. ही कला तो कचेरीत शिकला होता.

शेवटी प्रत्यक्ष परीक्षा आली. ताराक्काने त्याला कमरेला वेल बांधून एका उंच फांदीवर चढवलं आणि पलीकडे चालत जायला सांगितलं. नारोबाने खाली पाहिलं. आयुष्यभर जमिनीवर धावलेला मुंगूस तो, पाय घसरून सटकला.

वेलीने त्याला धरलं. तो हवेत लोंबकळत राहिला. खालचे दगड फार टोकदार दिसत होते. तिथे लोंबकळताना त्याला एकदम आठवलं, की आपण आजवर असल्या उंचीवर किती जणांना पाठवलं असेल. आकडा काही येईना. त्याने कधी मोजलेच नव्हते.

तो खाली उतरला. ताराक्काने त्याच्या गळ्यात बिल्ला अडकवला.

आता या जंगलात एक अस्वलशेठ होते. त्यांनी एका जुन्या बेहड्याच्या झाडावर वानरांसाठी तीन मजली वसाहत बांधायला काढली होती; वानर अजून राहायला यायचे होते. तिची परवानगी नारोबाने प्रशिक्षणाच्या आधीच आणून दिली होती, तीही एका दिवसात. शेठ खूष होते. वरच्या मजल्यावर आणखी एक मजला चढवायचा त्यांचा विचार होता. म्हणून त्यांनी नारोबाला जागेवरच बोलावलं.

नारोबा गेला. बेहड्यावर खारींची टोळी काड्या वाहत होती. त्यांची मुकादम शेवंता खार खालून आवाज देत होती. कुणाच्या डोक्यावर करवंटी नव्हती, कुणाच्या कमरेला वेल नव्हती. शेठ नव्या मजल्याविषयी सांगत होते, आणि ऐकता ऐकता नारोबाने सहज पंजा वळवून खोडावर टकटक केलं.

मडक्यासारखा आवाज आला.

त्याने दुसऱ्या बाजूने वाजवलं. तोच आवाज. मग सालीला कान लावला. आत वाळवी चालल्याची बारीक करकर ऐकू येत होती.

"शेठ, झाड आतून खाल्लेलं आहे," नारोबा म्हणाला. "काम थांबवा."

अस्वलशेठ हसले. मग हसायचे थांबले. त्यांनी नारोबाच्या खांद्यावर पंजा ठेवला. पंजा जड होता.

"नारोबा, तुझं काम कागद आणायचं. झाड बघायचं काम झाडाचं."

नारोबा तडक कचेरीत गेला. अर्ज सरकवणं त्याला येत होतं, तेव्हा एखादा थांबवणं तर सोपंच असेल, असं त्याला वाटलं. पण कासव म्हणालं की, इथे उशीर आपोआप होतो, मागून मिळत नाही. ससा म्हणाला की, दिलेली परवानगी मागे घ्यायचा शिक्काच नाही. नारोबा प्रत्येक टेबलाखालून गेला आणि प्रत्येक टेबलाने त्याला परत पाठवलं. शेवटी तो गवासाहेबांपुढे उभा राहिला.

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते खरोखर चक्रावले होते. लवकर करा म्हणणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते, थांबवा म्हणणारा पहिलाच.

"परवानगी मी नीट तपासून दिली असेल ना?" त्यांनी विचारलं.

नारोबाने मान खाली घातली. "नाही साहेब. तुम्ही गवत खात होता तेव्हा मीच तुमचा खूर धरून कागदावर उठवला होता."

साहेबांनी विचार केला. मग सांगितलं की, लेखी अर्ज द्यावा, यथावकाश पाहू.

यथावकाश म्हणजे काय हे त्या जंगलात नारोबाइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तो बेहड्याकडे पळत सुटला. आभाळ अंधारून आलं होतं आणि वाऱ्याने धूळ उडायला लागली होती.

त्याने शेवंताला गाठलं आणि सगळ्यांना खाली उतरव म्हणून सांगितलं. शेवंता काही ऐकणाऱ्यातली नव्हती. काम सोडलं तर शेठ उद्या दुसरी टोळी लावतील, पोरांच्या तोंडात काय घालू, असं तिने विचारलं. आणि कालपर्यंत जो कागद आणून देत होता त्याच्यावर आज विश्वास का ठेवू, असंही विचारलं.

"माझ्यावर ठेवू नकोस, शेवंताबाई," तो म्हणाला. "तूच वाजवून बघ."

शेवंताने खोडावर टकटक केलं. थांबली. पुन्हा केलं. तिचा चेहरा पडला. वर तिची धाकटी बहीण होती.

शेवंताने शीळ घातली तशा सगळ्या खारी सरसर उतरल्या आणि टेकाडापलीकडे जाऊन बसल्या. अस्वलशेठ ओरडत धावत आले. कामचोर, फितूर, नमकहराम असं बरंच बोलले. नारोबाकडे बोलायला वेळ नव्हता. त्याने शेठना मागून कडकडून चावा घेतला. शेठ बोंब मारत त्याच्या मागे लागले. नारोबा टेकाडाच्या दिशेने पळाला, कारण त्याला शेठनाही तिकडेच न्यायचं होतं.

वारा आला. बेहडा एकदा कण्हला, आणि तीन मजल्यांसकट आडवा झाला. शेठची मधाची गाडगी तेवढी त्याखाली फुटली. एकाही खारीच्या शेपटीचा केसही वाकडा झाला नाही.

मग चौकशी झाली. चौकशी समितीत गवासाहेब होते, कासव होतं, आणि बांधकामाचा दांडगा अनुभव म्हणून अस्वलशेठ होते. समितीने बारकाईने तपास केला. बेहडा शंभर पावसाळे उभा होता आणि नारोबाने वाजवल्याच्या दिवशीच पडला, हे साक्षीपुराव्याने सिद्ध झालं. शिवाय त्याने बांधकाम व्यावसायिकाला चावा घेतला होता. नारोबाचा बिल्ला काढून घेण्यात आला. ताराक्काला ताकीद मिळाली, आणि झाडांना इजा होते म्हणून खोड वाजवण्याचा धडा प्रशिक्षणातून वगळण्यात आला. अस्वलशेठ आपत्तिग्रस्त ठरले. त्यांना नव्या वसाहतीची परवानगी त्याच बैठकीत मिळाली. मध्ये कुणी लागलंच नाही.

नारोबा कचेरीबाहेर आला तेव्हा त्याला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, रडूही आलं. टेबलांखालच्या त्या वाटा त्याच्या आवडीच्या होत्या. पण बाहेर शेवंता उभी होती. नवं काम एका ऐनाच्या झाडावर निघालं आहे, असं ती म्हणाली. शेठना कळणार नाही अशा बेताने, चढायच्या आधी जरा येऊन जाशील का?

नारोबाने डोळे पुसले आणि तिच्याबरोबर गेला.

तात्पर्य : मुलांनो, सुरक्षेचं प्रशिक्षण जरूर घ्यावं आणि बिल्ला छातीवर मिरवावा, पण शिकलेलं कधी वापरू नये. वापरलं तर अपघात होत नाही, आणि जो अपघात झालाच नाही तो टाळला कुणी, असं कोणतीही समिती विचारत नाही.