तात्यारावांची मूठभर साखर

बिबवेवाडीतल्या आमच्या गल्लीत भांड्यांना पाय असतात. आज दुर्गाबाईंची वाटी तात्यारावांकडे, उद्या तात्यारावांचं ताट रुपालीकडे. पोरं तर चार घरच्या ताटांत जेवूनच मोठी झाली. तात्यारावांच्या कल्याणीने पहिला दूधभात कुणाच्या ताटात खाल्ला, यावर अजून भांडणं होतात. नियम एकच, भांडं परत करताना रिकामं द्यायचं नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर घाला, पण घाला.

त्या रविवारी अकरा वाजता कोथरूडहून कल्याणीला बघायला पाहुणे यायचे होते. तात्यारावांनी पोह्यांच्या ताटल्या पुसायला घेतल्या. पहिलीवर कोरलेलं नाव दुर्गाबाई. दुसरीवर रुपाली. बारा ताटल्यांत स्वतःची एक!

तात्याराव तडकले. कोथरूडचे फ्लॅटवाले म्हणतील, भांडी मागून आणतात. (ते खरंच होतं. पण खरं असलं म्हणून पाहुण्यांना वाचायला द्यायचं का?)

त्यातून दुर्गाबाईंवर त्यांचा दात. तात्याराव पालिकेच्या पाणीखात्यातून रिटायर झाले तेव्हा सोबत्यांनी नाव कोरून तीन कप्प्यांचा डबा दिला होता. दोन वर्षांपूर्वी तो गायब झाला. तात्यारावांनी चौकशीबिकशी न करता निकाल दिला, दुर्गाबाई! तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद, भांड्यांची ये-जा मात्र चालू.

बायको कोथिंबीर आणायला गेली होती. तेवढ्यात तात्यारावांनी सगळी परकी भांडी पोत्यात भरली आणि दारोदार ठेवून आले. रिकामी.

चंपाबाई परतल्या तर मांडणीवर एक ताटली आणि एक उलथनं.

"अहो, भांडी?"

"परत केली. ज्याची त्याला."

"आत काय घातलंत?"

"काय घालायचं?"

चंपाबाईंनी कोथिंबीर ओट्यावर आपटली. "रिकामी दिलीत? अहो, संबंध तोडताना देतात तशी? आणि आता पोहे पाहुण्यांच्या ओंजळीत वाढू?"

"आपलीही असतील त्यांच्याकडे. आण जा."

"ज्यांनी वाटली त्यांनी आणा."

रुपालीने दार अर्धंच उघडलं. "तात्या, पोरीचं लग्न ठरायच्या आधीच आम्ही परके?" आणि दार बंद. शेजारच्या नंदाने तर आतूनच कडी वाजवून दाखवली. साडेदहा झाले. ताटल्यांपायी पोरीची सोयरीक मोडायची वेळ आली. शेवटी तात्याराव मुठीत साखर घेऊन दुर्गाबाईंच्या दारात उभे राहिले.

"दुर्गाबाई, चुकलो. साखर घ्या."

दुर्गाबाईंनी घामेजलेली मूठ उघडून पाहिली. "ही साखर का पाक? आणि काय चुकलं? भांड्यांचं का डब्याचं?"

"भांड्यांचं." (डब्याबद्दल ते ठाम होते.)

"बरं. कल्याणी माझ्या ताटात जेवलीय म्हणून देते. तुमच्यासाठी चमचा दिला नसता."

त्यांनी एक हाळी दिली, तशी दहा मिनिटांत ताटल्या आल्या. पाठोपाठ गल्लीही आली.

पाहुणे आले, जयभीम झाला, पोहे झाले. मुलाची आई सत्यशीलाबाई ताटलीवरचं नाव वाचून हसल्या. "दुर्गाबाई तुम्हीच ना? कल्याणी नेहमी सांगते."

तात्यारावांना 'नेहमी' खटकलं.

तोवर सत्यशीलाबाईंनी पिशवीतून तीन कप्प्यांचा डबा काढला. झाकणावर कोरलं होतं, 'तात्याराव यांना, पाणीखात्यातील सहकाऱ्यांकडून'.

"लाडू आहेत. दोन वर्षं कल्याणी आमच्या प्रज्ञेशला ऑफिसात ह्यातून भाजी देते. रिकामा कसा आणायचा? तुमच्या घरची मेथी तर त्याला फार आवडते!"

प्रज्ञेश फरशीकडे बघू लागला. कल्याणी आत पळाली. चंपाबाईंना एकदम गॅस आठवला. दारातली गल्ली मात्र जराही दचकली नाही, म्हणजे तात्याराव सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. आणि 'मेथी संपली' हे बायकोचं ऐकून दोन वर्षं तात्याराव मुकाट डाळ खात होते!

तरी बापाचा मान म्हणून होकार द्यायला तात्यारावांनी घसा खाकरला. दुर्गाबाईंनी हाताने थांबवलं.

"होकार मग द्या, तात्या. आधी आत जा आणि साखर घेऊन या. दुसऱ्या चुकीची राहिलीय."