घुबडराव चहाला गेले

एका जंगलात, बाळांनो, औषधांची पाच दुकानं होती. औषधवाला मात्र शोधावा लागायचा.

भागी साळिंदरीण त्यालाच शोधत होती. तिच्या गुंड्याला तीन दिवस ताप होता. अस्वल डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती, पण त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

पहिल्या दुकानात माकड होतं. त्यानं चिठ्ठी उलटी धरली आणि पिवळ्या गोळ्या काढल्या.

"तापावरच्याच ना?" भागीनं विचारलं.

"काकू, ताप, खोकला, परीक्षा, सगळ्यावर चालतात."

गोळ्या तिथंच ठेवून ती कोल्ह्याकडे गेली. त्यानं त्याच चिठ्ठीवर निळ्या गोळ्या काढल्या. पाच दुकानांत पाच रंग निघाले. भिंतीवर मात्र सगळीकडे एकच लायसन टांगलेलं आणि त्यावर एकच फोटो, चष्मेवाल्या घुबडरावांचा.

"शिकलेले औषधवाले हेच ना? कुठायत?"

"आत्ताच चहाला गेले," पाचही दुकानांत हेच उत्तर.

भर दुपारी घुबड चहाला? भागी काही दुधखुळी नव्हती. ती तडक उंबराच्या ढोलीपाशी गेली. घुबडराव घोरत होते. तिनं एक काटा टोचला.

"पाच दुकानं?" सगळं ऐकून घुबडराव दचकले. "मी तर लायसन तीनच ठिकाणी भाड्यानं दिलंय!"

"ते मरू द्या. माझं पोर तापानं फणफणलंय. आधी हे वाचा."

घुबडरावांनी चष्मा पुसला. चिठ्ठी दोनदा वाचली.

"बाई, यात लिहिलंय, औषध नको. अंग पुसा, पाणी पाजा. दोन दिवसांत ताप उतरेल."

भागीला रडूच फुटलं. तिनं घरी जाऊन तसंच केलं. तिसऱ्या दिवशी गुंड्या शेजाऱ्यांचे कंद उकरायला हजर.

इकडे घुबडरावांना लाज वाटली. होतं असं कधीकधी, बाळांनो. ते माकडाच्या दुकानात जाऊन बसले आणि चिठ्ठ्या वाचू लागले. निम्म्या गिऱ्हाइकांना म्हणाले, "तुम्हाला काही झालेलं नाही. घरी जा."

गिऱ्हाइकं खवळली. "एवढा वेळ रांगेत उभं राहून हात हलवत जायचं?"

सगळ्यांत मोठ्यानं भागी ओरडत होती. तिला सासूच्या गुडघ्यांसाठी काहीतरी लाल हवं होतं.

संध्याकाळी पाचही दुकानदारांनी घुबडरावांना हार घातला आणि वाजतगाजत ढोलीत नेऊन ठेवलं.

तात्पर्य: वाचता येणारा भिंतीवरच शोभतो. तो गल्ल्यावर बसला, तर दुकानदाराचा धंदा आणि गिऱ्हाइकाचा आजार, दोन्ही बुडतात.