पत्रूभाऊ आणि नापास टेबलं

पत्रूभाऊ कुणाच्याही घरी गेले की आधी टेबलासमोर वाकतात. एक डोळा मिटून दुसरा टेबलाच्या कडेशी नेतात, वरून तळहात फिरवतात, नखानं टकटक करतात आणि शर्टाच्या खिशातून बेअरिंगची लोखंडी गोळी काढून मधोमध ठेवतात. गोळी घरंगळली की टेबल नापास. घरातल्या माणसांची विचारपूस त्यानंतर.

पत्रूभाऊ माझ्या शेजारच्या गाळ्यात गाड्यांच्या काचांना फिल्म लावतात. मी सीट कव्हर शिवते. ब्रह्मपुरीत आमची दोन दुकानं एका भिंतीला चिकटून आहेत, आणि गिऱ्हाईक गाडीतून उतरलं की आधी त्यांच्याकडे जातं. सीटवर माणूस बसतो, म्हणून सीट झाकली जाते. काचेवर कुणी बसत नाही, म्हणून ती दिसते. माझ्या शिलाईवर बसून लोक पत्रूभाऊंच्या काचेची तारीफ करतात. पार एटापल्लीहून जंगलातल्या रस्त्यांनी गाड्या येतात त्या त्यांच्याकडे. माझ्याकडे त्या गाडीवाल्यांचं काम म्हणजे पिण्याचं पाणी मागणं.

फिल्म कापायला सपाट, गुळगुळीत जागा लागते. धुळीचा एक कण खाली राहिला तरी काचेवर फोड येतो. पत्रूभाऊंकडे त्यासाठी सनमायका लावलेली एक प्लायवुडची फळी आहे. "कामचलाऊ हाये," असं ते मी दुकान टाकलं तेव्हा म्हणत होते, आजही म्हणतात. तिच्यावर ब्लेडच्या इतक्या चिरा पडल्यात की नवी फिल्म ठेवली तरी ब्लेड जुन्या चिरेत घुसतं. "एस्टीसारखं झालं पाय बाई," ते म्हणतात, "आपण कुठीही नेलं, ते आपल्या रोडनंच जाते."

म्हणून शोध: जे टेबल पास होईल, तसंच बनवून घ्यायचं. दर रविवारी दुकान बंद असलं की भाऊ आंघोळ करून, भांग पाडून, खिशात गोळी टाकून निघतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी सासरी गडचिरोलीला. घरी थांबून करणार काय? त्यांनी गावातली जवळजवळ प्रत्येक सपाट वस्तू तपासली आहे. ग्रॅनाइटचा ओटा: ब्लेडची धार खातो. कॅरम बोर्ड: पावडर फिल्मला चिकटते. लग्नाच्या मांडवातलं लोखंडी टेबल: "हात लावला का नाचते." डॉक्टरांच्या टेबलावरची काच बरी होती, पण तिचा कोपरा उडालेला होता, आणि बाहेर पेशंट कण्हत होते.

एकदा ते पुतण्यासाठी मुलगी पाहायला वडशाला गेले. पोह्यांच्या बशा आल्या. भाऊंनी त्या एकेक उचलून खाली सतरंजीवर ठेवल्या आणि टीपॉयवर गोळी सोडली. तेवढ्यात मुलीच्या वडिलांनी विचारलं, कशी वाटली? भाऊ गोळीवरची नजर न काढता म्हणाले, "बाकी सारं ठीक हाये, डावीकडून थोडा उतार हाये."

मग मुलगीच हसली, म्हणून ते लग्न झालं.

सोमवारी सकाळी मला सगळा अहवाल मिळतो. माझी मशीन चालू असते आणि दाराशी उभे राहून भाऊ सांगतात: खोब्रागडे भाऊंकडे डायनिंग टेबल नवीन आहे, पण मधे जोड आहे. शाळेतल्या मेश्राम मॅडमच्या टेबलाची काच पातळ आहे, पण मॅडमनं आलूपोहे केले होते, वरून खोबरं टाकून. मेश्राम मॅडमकडे ते तीनदा गेले. पातळ काच तिसऱ्यांदा जाड होते का, हे मी विचारलं नाही. सुई जरा जोरात चालवली.

कारण माझ्या घरी टेबल आहे. बारा एमएमची टफन काच, कडा गोल घासलेल्या, सीट कव्हरच्या कमाईतून मी स्वतः घेतलेलं. दुकानाच्या मागेच घर आहे. तरी हा माणूस सारं गाव हिंडला आणि माझ्या टेबलाकडे फिरकला नाही. मी सुचवून पाहिलं. आमच्या काचेवर ओरखडा कसा तो नाही, असं भिंतीपलीकडे ऐकू जाईल इतक्या आवाजात गिऱ्हाइकाला सांगितलं. भाऊ म्हणाले, "हो का," आणि साबणाच्या पाण्याची बाटली हलवत गाडीकडे गेले.

गेल्या सोमवारी भाऊ सांगत होते की चौथ्यांदा मॅडमनं बोलावलंय. मी मशीन थांबवली आणि सरळ विचारलं, "भाऊ, माझं टेबल काऊन नाई पाहत तुम्ही?"

त्यांनी खिशावरून हात फिरवला. "ते पास हाये बाई."

"न पाहताच?"

"टेम्पोतून उतरवाले मीच तं होतो. हाताले तवाच समजलं."

"मंग आले काऊन नाई?"

"पास झालं म्हंजे शोध संपला ना," भाऊ म्हणाले. "मंग रविवारी मी कुठी जाऊ?"

एवढं बोलून ते समोरच्या रस्त्याकडे पाहू लागले. मी सुईत दोरा ओवला, तो आधीच ओवलेला होता. मग म्हटलं, "या रविवारी घरी येजा. आलूपोहे नाई भेटणार. चहा भेटन."

आले. भांग पाडलेला, शर्ट इस्त्रीचा. वाकले, डोळा मिटला, तळहात फिरवला, टकटक केली. मी समोरच्या खुर्चीवर बसले होते. भाऊंनी गोळी मधोमध ठेवली आणि हात काढून घेतला.

गोळी जागची हलली नाही.

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते माझ्यासमोर होतं. सोमवारी सगळ्या गल्लीला सांगता आलं असतं. भाऊ गोळीकडे पाहत राहिले. चहाचा कप त्यांच्या हातात तसाच होता, बशी टेबलावर.

मशीनवर बसून बसून माझा गुडघा मजबूत झाला आहे. मी तो टेबलाला खालून लावला आणि वर रेटला. गोळी सावकाश निघाली आणि त्यांच्या बशीला जाऊन लागली.

टेबल काचेचं आहे, हे तेवढ्यापुरतं माझ्या लक्षात नव्हतं. माझा गुडघा वरून स्वच्छ दिसत होता. भाऊंनी तो पाहिला. मग गोळी उचलून खिशात टाकली.

"थोडा उतार हाये बाई," ते म्हणाले. "पुढच्या बारीले पुन्हा पाहू."

आणि चहा प्याले.

तेव्हा गावात आता माझंही टेबल नापास आहे. पण माझं माझ्या गुडघ्यामुळे आहे. मेश्राम मॅडमचं खरोखरच नापास आहे.