कांताचे बाराशे लुमेन

राजरत्नानं दोन खोकी टीपॉयवर ठेवली, तेव्हाच देवराम गायकवाडच्या लक्षात आलं की त्यातलं एक मोठं आहे आणि एक लहान. मोठं आपलंच असणार, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. चौतीस वर्षं तो डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कंपनीत सायकलनं कामाला गेला होता. सायकल म्हटलं की देवराम, हे शेजारपाजारच्या पोरांनाही ठाऊक होतं. त्यानं हात पुढे केला, आणि राजरत्नानं त्या हातावर लहान खोकं ठेवलं.

"हे तुमचं, बाबा. आणि हे आईचं."

कांताच्या खोक्यातून दोन डोळ्यांचा काळाभोर, जाडजूड लाइट निघाला. देवरामच्या खोक्यातून निघाला तो अंगठ्याएवढा.

"दोन्ही रिचार्जेबल आहेत," राजरत्न म्हणाला. "मोबाइलच्याच चार्जरवर लावायचे. लाल दिसला की चार्जिंग हवंय, हिरवा झाला की फुल. आईचा बाराशे लुमेन आहे, तुमचा दोनशे."

"लुमेन म्हणजे?"

"उजेड किती पडतो त्याचं माप."

"म्हणजे हिला माझ्या सहापट उजेड?" रंगाच्या कंपनीत मापं घेण्यात जन्म गेलेला माणूस, त्याला हिशेब करायला वेळ लागला नाही.

"अहो बाबा, दोघांचं काम वेगळं आहे. तुमचा लाइट लोकांनी तुम्हाला बघावं म्हणून. आईचा, आईला रस्ता दिसावा म्हणून. तुम्हीच म्हणता ना, डोंबिवलीत मी डोळे मिटून सायकल चालवतो? मग तुम्हाला कशाला पाहिजे उजेड?"

देवराम असं म्हणत असे खरा. दर रविवारी म्हणत असे. त्यामुळे त्याच्या पोटात जास्तच दुखू लागलं.

कारण कांताला सायकल शिकवली होती ती देवरामनंच. दोन वर्षांपूर्वी, बावन्नाव्या वर्षी, "मलापण शिकायचीय" असं ती म्हणाली, तेव्हा निवासी विभागातल्या मैदानावर कॅरिअर धरून तिच्यामागे धावला होता तो हाच माणूस. आणि आता पहाटे पाचला दोघं सायकली काढत, तेव्हा कांताचा लाइट रस्ता या कडेपासून त्या कडेपर्यंत धुऊन काढी. झोपलेली कुत्री उठून बाजूला होत. देवरामचा लाइट शेजारी लागलेला आहे की नाही, हे पाहायला त्याला काचेसमोर हात धरावा लागे.

लोकांनीही भर घातली. विहारात वंदना झाली की बायका कांताभोवती गोळा होऊन लाइटचं कौतुक करीत. समोरच्या इमारतीतल्या विमलाबाईंनी तर गॅलरीतून देवरामलाच हाक मारून विचारलं, "भाऊ, पहाटे मोटार घेऊन कोण येतं हो तुमच्याकडे?"

"कांताची सायकल आहे ती," देवराम म्हणाला, आणि आत येऊन त्यानं विनाकारण टीव्हीचा आवाज वाढवला.

एक दिवस घरात कुणी नाही असं बघून त्यानं न्हाणीघराचं दार लावलं आणि दोन्ही लाइट भिंतीवर पाडून पाहिले. आपला भिंतीवर कुठे पडलाय हेच त्याला आधी सापडेना.

हे सगळं त्यानं गिळलं असतं, पण मग डॉक्टर अमृतानं ठाण्याची राइड जाहीर केली. अमृता दातांची डॉक्टर. बायकांचा सायकल ग्रुप तीच चालवायची आणि तिच्यापुढे कुणी तोंड उघडत नसे. माणकोलीच्या नव्या पुलावरून ठाणं, तिथून घोडबंदर रोड, आणि राजरत्नाच्या घरी सगळ्यांचा नाश्ता. बारा बायका. घरचं कुणी सोबत येणार असेल तर हरकत नव्हती.

"कांताकाकू पुढे," अमृतानं सांगितलं. "पुढे राहणाऱ्याचा लाइट सगळ्यांत पॉवरफुल पाहिजे, हा आपला नियम आहे. आणि काका, तुम्ही सगळ्यांत शेवटी. हा लाल लाइट मागे लावा, ब्लिंक मोडवर. शेवटी भरवशाचा माणूस लागतो."

"शेवटी," देवराम म्हणाला.

"हो. कुणी मागे पडलं, पंक्चर झालं, तर तुम्ही बघायचं."

जिला आपण कॅरिअर धरून शिकवलं ती पुढे, आणि आपण बारा बायकांच्या मागे लाल दिवा मिचकावत राजरत्नाच्या दारात उतरणार, हे चित्र काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. पोरानं वरून बघितलं तर काय म्हणेल? त्याला पुढे जायचं होतं. एकदाच, पण पोराच्या देखत पुढे.

शनिवारी संध्याकाळी त्यानं चष्मा लावून लाइटबरोबर आलेली पुस्तिका वाचायला घेतली. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, फुल उजेडावर बॅटरी दीड तास चालते. देवरामनं पुस्तिका मिटली. एवढं त्याला पुरेसं होतं.

प्रश्न होता, दीड तास पेटलेला लाइट ठेवायचा कुठे? कपाटाच्या दाराला फट होती. पलंगाखाली ठेवला तर खोली उजळली असती. शेवटी त्याची नजर तांदळाच्या पत्र्याच्या डब्यावर गेली. घट्ट झाकणाचा डबा, रात्रीचा भात होऊन गेलेला, म्हणजे सकाळपर्यंत कांता तो उघडणार नव्हती. साडेआठला त्यानं लाइट पूर्ण उजेडावर लावला, तांदळात उभा केला, झाकण दाबलं आणि साळसूदपणे टीव्हीपुढे येऊन बसला.

"काय हो, किचनमध्ये काय करत होता?" कांतानं विचारलं.

"पाणी पीत होतो."

दहाला त्यानं झाकण उघडलं तर लाइट पेटलेलाच. डबा मात्र इस्त्रीसारखा तापलेला. लाइट फार गरम झाला की जळू नये म्हणून आपोआप मंद होतो आणि मंद झाला की जास्त वेळ चालतो, हे पुस्तिकेच्या दुसऱ्या पानावर होतं. देवराम चडफडत पुन्हा टीव्हीपुढे बसला आणि बसल्या बसल्या त्याला झोप लागली. अकराला दचकून उठून पाहिलं, तर बारीकसा लाल दिवा लुकलुकत होता. संपत आला! त्यानं लाइट पुसून, तांदळाचे दाणे झटकून जागेवर ठेवला आणि बऱ्याच दिवसांनी समाधानानं पाठ टेकली.

पहाटे पाचला हेल्मेटं आणि चमकत्या पट्ट्यांची पिवळी जाकिटं घालून बारा बायका निघाल्या; समोरच्या विमलाबाईही त्यांत होत्या. कांताचा लाइट नेहमीसारखाच लागला. पण सुरुवातीला थोडा लागणारच, अशी त्यानं मनाची समजूत घातली. डोंबिवली पश्चिम मागे पडली, मोठागाव गेलं, खाडीवरचा पूल आला. लाइट चालूच. सगळ्यांत मागून देवराम मान उंच करकरून तो कधी जातोय याची वाट बघत होता.

पूल उतरून दिव्यांचे खांब विरळ झाले आणि पुढचा झोत एकाएकी नाहीसा झाला.

"अगंबाई! गेला की हो!" कांताचा आवाज आला.

"थांबा सगळ्या!" अमृता ओरडली. "दुसरा मोठा लाइट कुणाकडे आहे?"

कुणाकडेच नव्हता. हा क्षण देवरामनं कितीतरी वेळा मनात घोळवला होता. घंटी वाजवत तो अकरा बायकांना ओलांडून थेट कांताच्या पुढे येऊन उभा राहिला.

"घाबरू नका. हा भाग मला पाठ आहे. माझ्यामागे या."

"काका, नक्की ना? नाहीतर उजाडेपर्यंत थांबू," अमृता म्हणाली.

"डोळे मिटून नेतो."

हे तर त्यानं अक्षरशः खरं केलं, कारण त्याच्या लाइटमध्ये त्याला पुढचं चाक तेवढं दिसत होतं. भाग पाठ होता तोही वीस वर्षांपूर्वीचा, तिथे भातशेती होती तेव्हाचा. हमरस्ता उजवीकडे वळला. डावीकडे एक रुंद, गुळगुळीत काँक्रीटचा रस्ता गेला होता. एवढा चांगला रस्ता ठाण्यालाच जात असणार, असं म्हणून देवराम डावीकडे वळला आणि बारा बायका मागोमाग वळल्या. पाच मिनिटांनी रस्त्यात एक मोठं लोखंडी फाटक आलं. ते कुरकुरत उघडलं आणि ताफा आत शिरला. मग ते मागे बंद झालं.

अंधारातून मफलर गुंडाळलेला वॉचमन वही घेऊन पुढे आला. त्याच्या मागे लांबलचक गोदामांची रांग होती.

"आज लवकर आली पॅकिंगची शिफ्ट? बस कुठंय?" त्यानं टॉर्च फिरवत हेल्मेटं आणि जाकिटं मोजली. "दहा, अकरा, बारा लेडीज. सायकलीवर आणल्या? आणि तुम्ही कोण, सुपरवायझर का?"

चौतीस वर्षांच्या नोकरीत देवरामला कुणी सुपरवायझर म्हटलं नव्हतं. त्यानं हो म्हटलं नाही, हे खरं. पण नाही म्हणायलाही त्याला जरा उशीर झाला, आणि तेवढ्यात वॉचमननं वहीत लिहूनही टाकलं.

"कसली शिफ्ट?" विमलाबाई मागून कडाडल्या. "आम्ही ठाण्याला नाश्त्याला चाललोय!"

"नाश्ता नऊला मिळंल. लायनीत उभ्या राहा."

"अहो, मी डेंटिस्ट आहे!" अमृता म्हणाली.

"असाल. आत आलेला लेबर गेटपासशिवाय बाहेर सोडायचा नाही, मला ऑर्डर आहे." वॉचमनचं नाव धोंडीबा होतं आणि तो कामाला चोख होता. "काय असंल ते तुमच्या सुपरवायझरला विचारा."

बारा हेल्मेटं देवरामकडे वळली. "चूक झाली, दादा. वाट चुकलो. सोडा आम्हाला," तो हात जोडून म्हणाला.

धोंडीबानं त्याला खालीवर न्याहाळलं. मग दुसरी वही काढली. "बारा लेडीज आउट. हितं सुपरवायझरची सही करा. पुढं कारण लिवायचं. धरा टॉर्च." पण टॉर्चचा जीव तेवढ्यात गेला. धोंडीबानं ती मांडीवर आपटली, तरी लागेना. अंधारात वहीची रेघसुद्धा दिसेना.

तेव्हा कांता सायकल घेऊन पुढे आली आणि तिनं बटण दाबलं.

वही, फाटक, गोदामांचे पत्रे, आणि वहीवर वाकलेला देवराम, सगळं लख्ख उजळलं. बाराशेच्या बाराशे लुमेन.

"कारण लिहा, सुपरवायझर वाट चुकले," कांता म्हणाली.

देवरामनं मुकाट्यानं सही केली. धोंडीबा फाटक उघडायला गेला तसा देवराम कांताच्या जवळ सरकला. "हा संपला होता ना?"

"मी बंद केला होता."

"पण हा तर..."

"नऊला पाणी प्यायला उठले होते," कांता खालच्या आवाजात म्हणाली. "तांदळाच्या डब्याला झाकणाभोवती उजेडाची कड. म्हटलं, काय भानगड आहे? उघडून बघितलं, परत लावलं. तुम्ही झोपल्यावर टाकला चार्जिंगला. सकाळी हिरवा."

"मग पूल उतरल्यावर बंद कशाला केलास?"

"तुम्हाला पुढे यायचं होतं ना? पंधरा दिवस बघतेय मी. पोरानं मला मोठा दिला तसं तुमचं जेवणात लक्ष नाही. तोंडानं मागितला असता तर दिला नसता का मी?"

देवरामला लाज वाटली. अशी की हेल्मेट आणखी खाली ओढता आलं तर बरं, असं त्याला झालं. "राजाला सांगू नको," एवढंच तो म्हणाला.

"तांदळाचं नाही सांगणार. गोदामाचं विमलाबाई सांगतीलच."

फाटकाबाहेर आल्यावर कांतानं लाइटचा रबरी पट्टा सोडला आणि तो देवरामच्या हँडलला आवळून बांधला. त्याचा अंगठ्याएवढा लाइट आपल्या हँडलला लावून घेतला. "व्हा पुढे. या वेळी पाट्या वाचा फक्त."

अमृतानं तोंड उघडलं होतं, पण कांतानं तिच्याकडे असं काही पाहिलं की तिनं ते मिटलं.

देवराम पुढे झाला. पण गोदामाच्या भानगडीत वेळ गेला होता, माणकोली नाक्याला पोचेपर्यंत पूर्वेला तांबडं फुटलं आणि महामार्गाला लागेपर्यंत चक्क ऊन आलं. त्यानं खाली वाकून पाहिलं. लाइट पूर्ण उजेडावर चालू होता आणि रस्त्यावर त्याचा ठिपकासुद्धा पडत नव्हता.

"काका, उजाडलं आता. बंद करा, बॅटरी उगाच संपतेय," अमृता मागून म्हणाली.

"असू दे," देवराम म्हणाला.

माजिवड्याच्या अलीकडे समोरून उलट्या बाजूनं एक स्कूटरवाला आला. देवरामजवळ येताच त्यानं एक हात वर केला आणि पाचही बोटं भराभर उघडमीट केली, दिवसाउजेडी दिवा चालू राहिलेल्या गाडीवाल्याला करतात तशी.

"काका, लाइट चालूय तुमचा!"

"माहितीये!" देवराम छाती फुगवून ओरडला. मग सायकल डगमगेपर्यंत मान मागे वळवून त्यानं हाक मारली, "कांता! बघितलंस का गं? उन्हातसुद्धा दिसला त्याला!"