किसनदादांचा उसना वैरी

तुम्हाला तुमचं भांडण झाकून ठेवायचं असेल, तर कृपा करून आमच्या गल्लीत राहायला येऊ नका. जवळा बाजार गावच्या ह्या गल्लीत रोज दिवेलागणीला किसनदादा पाईकराव ओसरीवर मांडी घालून बसतात, डोळे मिटतात आणि आज कोणाचं कोणाशी बिनसलंय ते खणखणीत आवाजात साऱ्यांना ऐकवतात. बरं, शिव्या देऊन नाही. आशीर्वाद देऊन!

किसनदादा माझे शेजारी, भिंतीला भिंत. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर ते पाटकरी होते, म्हणजे पाळीपाळीनं शेतांना पाणी सोडणारे. जन्मभर पाण्याच्या धबधब्यापाशी उभं राहून कान गेले आणि पाळी चुकलेल्यांच्या शिव्या खाऊन राग गेला, असं तेच सांगतात. नोकरी संपल्यावर ते विहारातल्या उपासकांच्या गटात जाऊ लागले. सगळी घरसंसाराची माणसं, भिक्खूचं चीवर घातलेलं त्यात कोणी नाही. त्यांचं म्हणणं असं, की जगात शांतता पाहिजे तर आधी आपल्या ओसरीवर बसा.

ह्या बसण्याला मैत्रीभावना म्हणतात. तिचे पाच टप्पे. पहिल्यात स्वतःचं भलं चिंतायचं, दुसऱ्यात जिवलगाचं, तिसऱ्यात ज्याच्याशी घेणं ना देणं अशा माणसाचं, चौथ्यात वैऱ्याचं आणि पाचव्यात साऱ्या प्राणिमात्रांचं. हे मनातल्या मनात करायचं असतं. पण किसनदादा बसताना कानातलं मशीन काढून ठेवतात आणि मग, "मला माझं मनबी ऐकू येत न्हाई," म्हणून ओरडून करतात.

आता चौथ्या टप्प्याला वैरी लागतो. ह्या माणसाला एकही नाही! "म्हून मी गल्लीतला उसना घेतो," ते मला म्हणाले. "आज ह्याचा, उद्या त्याचा."

आमच्या गल्लीतल्या कोंडबाचंच बघा. धाकट्या भावाची हळद काढून पडलेली आणि हा हळद शिजवायचा कुकर द्यायला तयार नाही. संध्याकाळी ओसरीवरून आवाज आला, "भावाला कुकर न देणारा माझा वैरी कोंडबा सुखी होवो, निरोगी होवो, निर्भय होवो!" गल्लीत टीव्ही बंद झाले. सकाळी कोंडबा हात जोडून हजर. "दादा, मला चौथ्यातून काढा. घरी सासुरवाडीची मान्सं आलीत."

"मी कुठं बसवलं बाबा? तुमीच जाऊन बसले. कुकर द्या, लगेच तिसऱ्यात येता."

दुपारी कुकर गेला.

आणि गावच्या तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष कोण? मी! ह्याच कुकरापायी मी बैठका घेतल्या, पदरचा चहा पाजला, घसा कोरडा केला. एकाही बैठकीला कोंडबा आला नाही. पोटात दुखणार नाही तर काय होईल?

पण खरं दुखणं वेगळंच होतं. इतकी वर्षं सकाळचा चहा माझ्याकडे, पेपर माझा, कानाच्या मशीनचे सेल हिंगोलीहून आणून देतो तो मी. आणि माझं नाव? कुठल्याच टप्प्यात नाही! दुसऱ्या टप्प्याला, जिवलगाच्या, हा माणूस आवाजच बंद करायचा. नुसते ओठ हलायचे. कोणाचं नाव घेतात हो एवढं चोरून? माझा संशय रहीम टेलरवर होता. बाजारच्या दिवशी तो खारी घेऊन यायचा आणि दोघं तासभर हसत बसायचे. ती खारी मला कधी गोड लागली नाही.

"तुमी काय लेकरू हाव का, नाव घेतलं न्हाई म्हून रुसायला?" बायको म्हणायची. म्हणू दे. तिचं नाव एकदा तिसऱ्यात आलं होतं, तिला काय कळणार?

शेवटी मी ठरवलं, जिवलग नाही तर नाही, वैरी तर होऊ. ट्रॅक्टरची ट्रॉली आणली आणि दादांच्या दारापुढे आडवी लावून टाकली. दिवसभर ते धोतर सावरत दांडीवरून उड्या मारत ये-जा करत राहिले. संध्याकाळी मी कान लावून बसलो. चौथा टप्पा आला. "रस्ता खोदून गेलेला नळवाला सुखी होवो!"

नळवाला! त्याचं नावसुद्धा माहीत नाही कोणाला! मी दांडी ओलांडून तडक ओसरीवर गेलो, मशीन उचलून त्यांच्या हातात दिलं.

"दादा, दारातली ट्रॉली दिसली न्हाई का?"

"दिसली की. म्हटलं, पंक्चर झाली असंल. तुमाला बी किती तकलीफ!"

"माझं नाव काहून घेत न्हाई तुमी? दुसऱ्यात त्या रहीमला घेता, व्हय ना?"

"रहीमला? कोन म्हनलं?" दादांनी घराच्या आत पाहिलं. मग खाली पाहत म्हणाले, "सुलोचनाला घेतो."

सुलोचनावहिनी, त्यांची बायको. गेल्या उन्हाळ्यात वारल्या. ह्याच ओसरीवर तांदूळ निवडत बसायच्या.

"मेलेल्या मान्साला दुसऱ्यात घेऊ नये, असा नियम हाय," दादा म्हणाले. "गटात पयल्याच दिशी सांगतेत. मी लई बघितलं, पन दुसरं नावच तोंडात येत न्हाई. म्हून हळू घेतो."

"हळू घेतल्यानं काय व्हतंय?"

"मला ऐकू येत न्हाई. मलाच ऐकू आलं न्हाई, म्हंजी नियम मोडला न्हाई."

खरं सांगतो, तेव्हाही मला हेवाच वाटला. आपल्यामागं आपलं नाव असं चोरून घेणारं कोणी असेल का, हाच विचार करत मी ट्रॉली काढायला गेलो.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी त्यांच्या शेजारी ओसरीवर बसलो. त्यांनी सवयीनं मशीन काढलं, डोळे मिटले. पहिला टप्पा झाला. दुसरा आला, आवाज थांबला, ओठ हलले. मी त्यांच्या कानाशी गेलो आणि फुटेल तेवढ्या आवाजात ओरडलो, "सुलोचनावहिनी सुखी होवोत!"

दादांचे डोळे मिटलेलेच, पण ओठ थांबले. मीही शेजारी डोळे मिटून बसलो. तिसरा टप्पा कसाबसा झाला. मग त्यांनी चाचपडत माझा गुडघा शोधला, त्यावर हात घट्ट ठेवला आणि चौथ्याला सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "माझा नियम मोडणारा माझा वैरी गंगाधर सुखी होवो, निरोगी होवो, निर्भय होवो!"

पलीकडे आमच्या स्वयंपाकघरात बायको खो खो हसत होती. मी मात्र डोळे उघडले नाहीत, कारण ते भरून आले होते.